मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए : दिल्लीतील सात रुग्ण आणि एक जुना जिवाणू

नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच एम्समध्ये, आढळलेल्या सात जिवाणूजन्य रुग्णांचा चीनमधील बालकांत वाढलेल्या न्यूमोनियाशी कोणताही संबंध नाही, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी एका निवेदनाद्वारे स्पष्ट केले. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तात या सात रुग्णांची सांगड चीनमधील घडामोडींशी घालण्यात आली होती. हे वृत्त दिशाभूल करणारे असून त्यातील माहिती अचूक नाही, असे मंत्रालयाने म्हटले होते. संबंधित रुग्ण एप्रिल ते सप्टेंबर २०२३ या सहा महिन्यांत, संस्थेत सुरू असलेल्या अभ्यासाच्या ओघात आढळले असून काळजीचे कारण नाही, अशी माहितीही या निवेदनात देण्यात आली.

निवेदनामुळे चर्चा थंडावली. मात्र ज्या जिवाणूमुळे ती सुरू झाली, त्याची ओळख फारशी कोणी करून दिली नाही. ‘मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए’ हे नाव त्या दिवसांत अनेकांच्या कानी प्रथमच पडले आणि नाव नवे म्हणजे आजार नवा, असा समज पसरला. वस्तुतः हा जिवाणू वैद्यकशास्त्राला १९४०च्या दशकापासून परिचित आहे. दिल्लीतही तो पाहुणा नाही. समाजात वावरताना होणाऱ्या, म्हणजे रुग्णालयात दाखल असताना न जडलेल्या, न्यूमोनियाच्या नेहमीच्या जिवाणूजन्य कारणांत त्याची गणना होते. एम्समधील संशोधकांनी अशा न्यूमोनियाने आजारी असलेल्या मुलांमध्ये या जिवाणूचा शोध घेऊन त्याचे निष्कर्ष १९९८ मध्येच ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते.

नोव्हेंबर २०२३ची पार्श्वभूमी

चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने १३ नोव्हेंबर २०२३ रोजी देशात श्वसनविकारांचे प्रमाण वाढल्याची माहिती दिली. त्यानंतर आठवडाभराने उत्तर चीनमधील बालकांत निदान न झालेल्या न्यूमोनियाचे समूह आढळल्याचे वृत्त आंतरराष्ट्रीय स्तरावर पोहोचले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २२ नोव्हेंबरला चीनकडे अधिकृतपणे तपशील मागितला. दुसऱ्याच दिवशी चिनी अधिकाऱ्यांनी जो तपशील सादर केला, त्यात मायकोप्लाझ्मामुळे बालरुग्णांच्या संख्येत मे महिन्यापासून वाढ झाल्याचे, तर आरएसव्ही, ॲडिनोव्हायरस व इन्फ्लुएन्झा या विषाणूंमुळे ऑक्टोबरपासून वाढ झाल्याचे नमूद होते. कोणताही नवा अथवा अनोळखी रोगकारक आढळलेला नाही, असेही सांगण्यात आले. चार वर्षांपूर्वी वुहानमधून आलेल्या ‘अज्ञात न्यूमोनिया’च्या बातमीची आठवण ताजी असल्याने या खुलाशावर सहजासहजी विश्वास बसला नाही, हे समजण्यासारखे आहे.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २६ नोव्हेंबर रोजी राज्यांना पत्र पाठवून रुग्णालयांतील सज्जतेचा आढावा घेण्यास सांगितले. मनुष्यबळ, खाटा, औषधे, प्राणवायू, चाचणी संच अशा बाबींचा त्यात समावेश होता.

राजधानी परिसरात त्याच महिन्यात वेगळेच संकट सुरू होते. हवेची प्रत अतिशय खालावल्याने दिल्ली सरकारने शाळांची हिवाळी सुटी आधी घेऊन ९ ते १८ नोव्हेंबर या काळात शाळा बंद ठेवल्या होत्या. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद या सलग वस्तीत नोव्हेंबरचा खोकला हा धुरक्याचाच, असे गृहीत धरण्याची सवय लोकांना जडली आहे. त्या खोकल्यात एखादा जिवाणूजन्य खोकला मिसळला असेल, तर तो वेगळा ओळखणे घरातल्यांना तर सोडाच, तपासणाऱ्या डॉक्टरलाही सोपे नसते. अशा वातावरणात ‘एम्समध्ये सात रुग्ण’ ही बातमी आली.

सात, ६११ आणि १५ ते ३० टक्के

मंत्रालयाच्या निवेदनात दोन आकडे होते आणि वरवर पाहता ते एकमेकांशी जुळत नाहीत. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए हे समाजात होणाऱ्या न्यूमोनियाचे सर्वांत सामान्य जिवाणूजन्य कारण असून अशा सुमारे १५ ते ३० टक्के संसर्गांस ते जबाबदार असते, असे एका वाक्यात म्हटले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या श्वसनरोगकारक सर्वेक्षणांतर्गत एम्सच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जानेवारी २०२३ पासून तपासलेल्या ६११ नमुन्यांपैकी एकाही नमुन्यात हा जिवाणू आढळला नाही, असे दुसऱ्या वाक्यात सांगितले होते. इतका सामान्य जिवाणू सहाशेहून अधिक नमुन्यांत एकदाही सापडू नये, याचा अर्थ काय, हा प्रश्न कोणत्याही सावध वाचकाला पडावा.

त्याचे उत्तर निवेदनातच दडलेले आहे. ६११ नमुन्यांपैकी सुमारे ९५ टक्के नमुने ‘सारी’ म्हणजे तीव्र श्वसनविकाराच्या, दाखल करून उपचार घ्यावे लागलेल्या रुग्णांचे होते. मायकोप्लाझ्माचे बहुतांश रुग्ण मात्र रुग्णालयाची पायरीही चढत नाहीत. ते शाळेत जातात, कामावर जातात, मेट्रोतून प्रवास करतात आणि तीन आठवडे खोकत राहतात. इंग्रजीत या आजाराला ‘चालता-फिरता न्यूमोनिया’ अशा अर्थाचे टोपणनाव आहे, ते यामुळेच. गंभीर रुग्णांच्या खाटांपाशी टाकलेल्या जाळ्यात हा मासा क्वचितच अडकतो. म्हणून ६११ पैकी शून्य या आकड्याचा अर्थ गंभीर आजाराची लाट नाही, एवढाच घ्यावा लागतो. जिवाणू शहरात नाहीच, असा तो घेता येत नाही.

टक्केवारीचे विधानही जपून वाचावे लागते. हे प्रमाण वयानुसार आणि वर्षानुसार फार बदलते. अमेरिकेत न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ८ टक्के मुलांमध्ये मायकोप्लाझ्मा आढळला. परंतु पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ३ टक्के, तर पाच वर्षे व त्यावरील मुलांत १९ टक्के होते. साथीच्या वर्षात ते आणखी वाढते आणि दोन साथींमधल्या काळात जवळजवळ नाहीसे होते. प्रौढांमध्ये, विशेषतः वृद्धांमध्ये, जीवघेण्या न्यूमोनियाचे प्रमुख जिवाणूजन्य कारण आजही न्यूमोकोकस हेच मानले जाते. ‘सर्वांत सामान्य’ हे विशेषण दोघांनाही लावले जाते. एकाला त्याच्या प्रसारामुळे, दुसऱ्याला त्याच्या घातकतेमुळे.

आता त्या सात रुग्णांविषयी. त्यांपैकी एकाचे निदान पीसीआर चाचणीने, तर उर्वरित सहा जणांचे निदान आयजीएम एलायझा या रक्तचाचणीने झाले होते. एम्सने या काळातील माहिती अनेक देशांतील प्रयोगशाळांच्या एका संयुक्त सर्वेक्षणासाठी दिली होती. कोविड निर्बंध उठल्यानंतर मायकोप्लाझ्मा जगात कोठे आणि केव्हा परततो, याचा मागोवा हे सर्वेक्षण घेत होते. ‘लॅन्सेट मायक्रोब’ या नियतकालिकात त्यासंबंधीचे लेखन प्रसिद्ध झाल्यावर दिल्लीचे आकडे वृत्तपत्रांच्या नजरेस पडले. म्हणजे जो अभ्यास या जिवाणूची अनुपस्थिती मोजण्यासाठी आखला होता, त्यातूनच त्याच्या आगमनाची बातमी तयार झाली.

कवच नसलेला जीव

मायकोप्लाझ्मा न्यूमोनिएची सारी वैशिष्ट्ये एका उणिवेतून निर्माण होतात. बहुतेक जिवाणूंच्या पेशीभोवती एक टणक भिंत असते. ती त्यांना आकार देते आणि फुटण्यापासून वाचवते. या जिवाणूला अशी पेशीभित्तिका मुळीच नाही. एका पातळ पटलात तो गुंडाळलेला असतो आणि त्या पटलाला बळकटी देणारे कोलेस्टेरॉलही तो आश्रयदात्याच्या शरीरातून उचलतो.

स्वतंत्रपणे आपली संख्या वाढवू शकणाऱ्या सर्वांत लहान जीवांपैकी तो एक आहे. चातीसारख्या निमुळत्या आकाराच्या या पेशीची लांबी एक ते दोन मायक्रोमीटर आणि जाडी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा त्यात सुमारे ८ लाख १६ हजार अक्षरे आढळली. आपल्या आतड्यातील नेहमीच्या ई. कोलाय जिवाणूच्या जनुकसंचात ती ४६ लाखांच्या आसपास असतात. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर जगणारा जीव परावलंबी असणारच. पोषक द्रव्ये तयार करण्याची बरीचशी यंत्रणा त्याने गमावलेली आहे आणि मानवी श्वासमार्ग हेच त्याचे नैसर्गिक घर आहे.

या घरात टिकण्यासाठी त्याच्याकडे एक खास अवयव आहे. पेशीच्या एका टोकाला असलेल्या या टोकदार भागावर पी१ नावाचे प्रथिन असते. त्याच्या साह्याने तो श्वासनलिकेच्या आतील पेशींना घट्ट चिकटतो आणि त्यांच्या पृष्ठभागावरून सरकतही जातो. श्वासनलिकेत केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. ते अखंड हलत राहून कफ व धूळ वरच्या बाजूला लोटत असतात. जिवाणू तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक विशिष्ट विष सोडतो, तंतूंची हालचाल मंदावते व पेशी झिजतात. मार्ग साफ करण्याचे काम तंतूंनी सोडले की ते खोकल्यावर येऊन पडते. कोरडा, दीर्घकाळ रेंगाळणारा, रात्री झोपू न देणारा खोकला हे या आजाराचे मुख्य लक्षण ठरते, त्यामागे हे कारण आहे.

विषाणू समजला गेलेला जिवाणू

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वैद्य होबार्ट रायमन यांनी १९३८ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या न्यूमोनियाचे वर्णन केले. त्याची सुरुवात संथ होती, फुफ्फुसाचा एखादा खंड पूर्ण घट्ट होत नव्हता आणि नेहमीचे जिवाणू कफात सापडत नव्हते. त्यांनी या न्यूमोनियाला ‘अ-नमुनेदार’ म्हटले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकी छावण्यांमध्ये अशा रुग्णांची संख्या मोठी झाली. सल्फा औषधे आणि नव्याने हाती आलेले पेनिसिलिन यांमुळे इतर न्यूमोनिया आटोक्यात येत असताना हा मात्र कशालाच दाद देत नव्हता. अमेरिकी लष्कराने फोर्ट ब्रॅग येथे त्यासाठी विशेष अभ्यास हाती घेतला होता.

मन्रो ईटन यांनी १९४४ मध्ये अशा रुग्णांच्या कफातून एक रोगकारक वेगळा केला. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून तो आरपार जात असे आणि कोंबडीच्या गर्भात वाढत असे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही विषाणूची लक्षणे होती. ‘ईटनचा रोगकारक’ या नावाने तो पुढील जवळजवळ दोन दशके विषाणू म्हणूनच ओळखला गेला. विषाणूंवर परिणाम न करणाऱ्या ऑरिओमायसिनसारख्या प्रतिजैविकाने तो दबतो, ही विसंगती दिसूनही हा समज लवकर हटला नाही.

अखेर १९६२ मध्ये रॉबर्ट चॅनॉक, लिओनार्ड हेफ्लिक आणि मायकेल बॅराइल यांनी जिवंत पेशींविना, केवळ पोषक माध्यमावर तो वाढवून दाखवला. हा विषाणू नसून पेशीभित्तिका नसलेला जिवाणू आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. भिंतच नसल्याने तो लवचिक होता आणि गाळणीच्या छिद्रांतून निसटत होता. १९६३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. मानवी पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच विभागू शकतात, या ‘हेफ्लिक मर्यादे’मुळे प्रसिद्ध झालेले हेफ्लिक ते हेच.

आजार कसा वाढतो

खोकताना, शिंकताना किंवा जवळून बोलताना उडणाऱ्या तुषारांमधून संसर्ग पसरतो. मात्र गोवर किंवा इन्फ्लुएन्झाप्रमाणे तो झपाट्याने धावत नाही. त्याला निकटचा आणि लांबलेला सहवास लागतो. म्हणून एक घर, एक वर्ग, एक वसतिगृह, एक बराक अशा चौकटीत तो फिरतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे, क्वचित चार आठवडे जातात. घरातील शाळकरी मूल आजारी पडते, ते बरे होत आले असता आईला खोकला सुरू होतो आणि महिन्याभराने धाकटे भावंड तापते. एवढ्या अंतरामुळे या तिघांचा आजार एकच आहे, हे सहसा लक्षात येत नाही. दिल्लीत जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर या भागांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातूनही अनेक विद्यार्थी जाऊन राहतात. एका खोलीत दोघे-तिघे, दिवसभर गच्च भरलेला वर्ग आणि वय विशी-पंचविशीचे, ही या जिवाणूला मानवणारी परिस्थिती आहे.

पाच ते पंधरा वर्षांची मुले आणि तरुण प्रौढ यांच्यात आजार अधिक आढळतो. सुरुवात घसा खवखवणे, डोकेदुखी, अंगमोडून येणे आणि मध्यम ताप यांनी होते. खोकला दोन-तीन दिवसांनी येतो आणि मग मुक्काम ठोकतो. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण श्वासनलिकांच्या दाहापुरतेच राहते. थोड्याच जणांना प्रत्यक्ष न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाची छाती नळीने तपासली असता फारसे काही ऐकू येत नाही, परंतु क्ष-किरण चित्रात अपेक्षेपेक्षा बरेच अधिक डाग दिसतात. रुग्णाची प्रकृती आणि चित्र यांतील ही तफावत अनुभवी डॉक्टरांना या जिवाणूची आठवण करून देते.

बहुतांश रुग्ण उपचाराविनाही बरे होतात. तरीही हा आजार निरुपद्रवी नाही. दम्याच्या रुग्णांत तो दम्याचा झटका आणू शकतो. सिकलसेल असलेल्या मुलांमध्ये छातीचा गंभीर विकार उद्भवण्याच्या कारणांत मायकोप्लाझ्माची नोंद आहे. विदर्भातील व नंदुरबार परिसरातील ज्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो, त्यांनी दीर्घ खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये, असे म्हणण्यास त्यामुळे आधार आहे. फुफ्फुसाबाहेरही त्याचे परिणाम दिसतात. अंगावर पुरळ आणि तोंड, डोळे यांच्या नाजूक त्वचेवर व्रण उठणे, मेंदूचा दाह, हृदयाच्या आवरणाचा दाह असे प्रकार क्वचित घडतात. काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार होतात, की त्यांच्यामुळे थंडाव्यात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. प्रगत चाचण्या उपलब्ध नव्हत्या, त्या काळात रक्ताची नळी बर्फात ठेवून हा बदल पाहिला जाई आणि त्यावरून निदानाचा अंदाज बांधला जाई. पेशी अधिक प्रमाणात फुटू लागल्यास पंडुरोग होतो.

निदानाची अडचण

कफाची काचपट्टी ग्रॅम पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही न्यूमोनियाच्या तपासणीतील जुनी रीत. तो रंग पेशीभित्तिकेला धरतो. भिंतच नसलेला मायकोप्लाझ्मा त्यात दिसत नाही. प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर खास माध्यम लागते आणि दोन-तीन आठवडे, कधी त्याहून अधिक वाट पाहावी लागते. तोवर रुग्ण एक तर बरा झालेला असतो किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो.

म्हणून प्रत्यक्षात दोन चाचण्यांवर भिस्त असते. घशातील अथवा नाकातील स्रावाची पीसीआर चाचणी जिवाणूचा जनुकीय अंश शोधते. आजाराच्या सुरुवातीस ती उपयोगी पडते. आयजीएम एलायझा चाचणी जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार होण्यास आठवडाभर लागतो. दोन्हींना मर्यादा आहेत. निरोगी दिसणाऱ्या मुलांच्या घशातही हा जिवाणू काही काळ राहू शकतो, त्यामुळे पीसीआरने तो सापडला म्हणजे आजचा खोकला त्याचाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. आयजीएम प्रतिपिंडे तर संसर्ग संपल्यावरही कित्येक महिने रक्तात टिकू शकतात. एकाच नमुन्याऐवजी काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील प्रतिपिंडांची वाढ पाहणे अधिक विश्वासार्ह असते. पण बरे झालेला रुग्ण दुसऱ्यांदा रक्त द्यायला क्वचितच येतो.

दिल्लीच्या सात रुग्णांपैकी सहा जणांचे निदान एलायझाने झाले होते, हे येथे आठवावे. त्या सहा जणांचा संसर्ग नेमका कोणत्या महिन्यातला, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही. सप्टेंबरअखेर संपलेल्या कालावधीतील असे निष्कर्ष नोव्हेंबरमधील चीनच्या परिस्थितीशी जोडणे कालक्रमाच्या साध्या हिशेबानेही टिकणारे नव्हते.

कोणते औषध चालते, कोणते नाही

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधे जिवाणूच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीवर घाव घालतात. जेथे भिंतच नाही, तेथे ती निष्प्रभ ठरतात. न्यूमोनियासाठी सर्वप्रथम दिली जाणारी औषधे बहुधा याच वर्गातील असतात आणि न्यूमोकोकसचा धोका लक्षात घेता ते योग्यही आहे. ती दिल्यानंतर दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टर मायकोप्लाझ्माचा विचार करतात.

या जिवाणूवर ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी मॅक्रोलाइड वर्गातील औषधे, तसेच डॉक्सिसायक्लिन आणि काही फ्लुओरोक्विनोलोन औषधे परिणामकारक आहेत. ती भिंतीऐवजी प्रथिननिर्मितीवर किंवा जनुकीय द्रव्याच्या यंत्रणेवर काम करतात. टेट्रासायक्लिन वर्गामुळे वाढत्या वयात दातांवर कायमचे डाग पडू शकतात, म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ती परंपरेने टाळली जातात. मुलांसाठी पहिली निवड ॲझिथ्रोमायसिन ही असते.

खरी चिंता येथे आहे. मॅक्रोलाइड औषधांना न जुमानणारे मायकोप्लाझ्मा जपानमध्ये २००० सालाच्या सुमारास आढळू लागले. चीनमध्ये तर त्यानंतरच्या वर्षांत बहुसंख्य नमुन्यांत हा प्रतिरोध दिसून आला. जिवाणूच्या जनुकसंचातील एका अक्षराचा बदल त्यास पुरेसा ठरतो. २०२३ मध्ये चीनमधील अनेक मुलांचा आजार लांबला, त्याचे एक कारण हा प्रतिरोध असल्याचे मानले जाते. भारतात ॲझिथ्रोमायसिन हे ओळखीचे नाव आहे. कोविड काळात ते घरोघरी पोहोचले आणि साध्या सर्दीसाठीही औषधाच्या दुकानातून तीन किंवा पाच गोळ्या मागून घेण्याची प्रथा रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध ‘लक्ष ठेवावे’ अशा गटात ठेवले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेनुसार प्रतिजैविकांच्या वेष्टनावर उभी लाल रेघ असते. ती असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. सर्दी-खोकल्याचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर ॲझिथ्रोमायसिन काम करत नाही. न लागता घेतलेल्या प्रत्येक मात्रेमुळे लागेल तेव्हा ते उपयोगी पडण्याची शक्यता मात्र घटते.

उशिरा परतलेला प्रवासी

मायकोप्लाझ्माच्या साथी साधारणपणे तीन ते सात वर्षांच्या अंतराने येतात. एका साथीत समाजात निर्माण झालेली प्रतिकारशक्ती ओसरते, नवी मुले शाळेत दाखल होतात आणि पुन्हा साथीस अनुकूल स्थिती तयार होते. संसर्गातून मिळणारे संरक्षण आयुष्यभर टिकत नाही.

मार्च २०२० नंतरच्या निर्बंधांत हा जिवाणू जगभर जवळजवळ दिसेनासा झाला. मुखपट्टी, बंद शाळा आणि अंतर यांमुळे इतर श्वसनरोगही घटले होते. पण ते २०२१ व २०२२ मध्ये परतले, मायकोप्लाझ्मा मात्र परतला नाही. त्याची वाढ अत्यंत मंद असते, एकातून दोन पेशी होण्यास सुमारे सहा तास लागतात, आणि प्रसारासाठी दीर्घ सहवास आवश्यक असतो. त्यामुळे तुटलेली साखळी पुन्हा जुळण्यास त्याला अधिक वेळ लागला असावा. २०२३ मध्ये तो चीनमध्ये उसळला, त्याच वर्षाच्या अखेरीस डेन्मार्क, फ्रान्स आदी युरोपीय देशांत रुग्ण वाढले. अमेरिकेत २०२४ मध्ये वाढ नोंदवली गेली आणि तेथे दोन ते चार वर्षे वयाच्या मुलांतील वाढ विशेष लक्षणीय होती, कारण हा वयोगट एरवी या जिवाणूसाठी महत्त्वाचा मानला जात नसे. दिल्लीत आढळलेले सात रुग्ण याच जागतिक पुनरागमनाच्या उंबरठ्यावरचे होते. चीनमधून ते आले नव्हते. जेथे हा जिवाणू पूर्वीपासून वस्तीला होता, तेथेच ते सापडले.

मायकोप्लाझ्मावर लस उपलब्ध नाही. १९६० आणि १९७०च्या दशकांत मृत जिवाणूंपासून तयार केलेल्या लसींचे प्रयोग झाले, परंतु मिळणारे संरक्षण अपुरे ठरले. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बालकांना सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात जी न्यूमोनियाची लस दिली जाते, ती न्यूमोकोकसविरुद्धची आहे. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर लागू झालेली ही लस लहान बालकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये या प्रकारची देशी लसही उपलब्ध करून दिली. मात्र ही लस जिवाणूच्या बाहेरील शर्करायुक्त आवरणाविरुद्ध काम करते आणि न्यूमोकोकसचे ते आवरण मायकोप्लाझ्माला नसते. त्यामुळे लसीकरण पूर्ण झालेल्या मुलालाही मायकोप्लाझ्माचा खोकला होऊ शकतो. त्यावरून लस निष्फळ ठरली, असा निष्कर्ष काढता येत नाही.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास क्षयरोगाची शक्यता आधी तपासावी, हा देशातील क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचा दंडक मायकोप्लाझ्माचा संशय असतानाही लागू असतो. लहान मुलांच्या बाबतीत श्वासाचा वेग घरीही मोजता येतो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल पाहावी. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, तर एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असल्यास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, कारण कोणताही जिवाणू असो, मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते.